कुठली टेप कुठे आहे? बॅकअप टेप लायब्ररीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सर्व्हर रूमच्या एसीबद्दल लिहिताना जाता जाता टेप लायब्ररीचा उल्लेख केला होता, त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. ज्यांनी ही वस्तू पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, रॅकमध्ये बसणारा एक डबा, त्यात खणाखणात टेपच्या कार्ट्रिज, टेप वाचणारे-लिहिणारे एक-दोन ड्राइव्ह आणि एक रोबोटचा हात, जो सांगितलेली टेप खणातून उचलून ड्राइव्हमध्ये घालतो आणि काम झालं की परत जागेवर नेऊन ठेवतो. खणाला स्लॉट म्हणतात, हाताला पिकर. आज ऑफिसांमध्ये जी टेप दिसते ती बहुतेक एलटीओ जातीची, 2000 साली ती पहिल्यांदा आली तेव्हा एका कार्ट्रिजवर 100 जीबी मावायचं, 2021 मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या कार्ट्रिजवर 18 टीबी मावतं.

प्रश्न वेगवेगळे दिसले तरी बहुतेकांची अडचण एकच आहे, टेप भरपूर आहेत पण कुठल्या टेपवर काय आहे, ती आत्ता कुठे आहे आणि घातली तर वाचली जाईल का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून उत्तरं थोडी लांबली आहेत, सांभाळून घ्या.

प्रश्न: आमच्या सहकारी पतसंस्थेत 24 स्लॉटची लायब्ररी आली आहे, एलटीओ-8 ची. टेप लावून देणाऱ्या माणसाने लेबल म्हणून नुसते 'सोमवार', 'मंगळवार' असे मार्करने लिहून कागद चिकटवले. लायब्ररी म्हणते टेपला बारकोडच नाही. नंबर कसे द्यायचे? (एक वाचक, नाशिक)

पहिलं काम, ते कागद आजच काढा. कार्ट्रिजच्या पुढच्या बाजूला लेबलसाठी एक उथळ खाच असते, लेबल फक्त तिथेच लावायचं, वर नाही, बाजूला नाही, आणि जुन्या लेबलवर नवं तर अजिबात नाही. साधा कागद सुटला की त्याची कड पिकरमध्ये किंवा ड्राइव्हच्या तोंडाशी अडकते आणि मग सगळी लायब्ररीच बंद पडते. बारकोडची तयार लेबलं रोलवर किंवा शीटवर विकत मिळतात, स्वस्त आहेत, ती घ्या. घरच्या प्रिंटरवर छापून वर सेलोटेप मारायचा प्रकार करू नका, सेलोटेप चमकतो आणि स्कॅनरला बारकोड नीट दिसत नाही.

एलटीओच्या बारकोडमध्ये साधारण आठ अक्षरं असतात, पहिली सहा तुमची आणि शेवटची दोन टेपच्या पिढीची. म्हणजे तुमच्याकडे शेवटी 'एल8' येईल. ही शेवटची दोन अक्षरं शोभेची नाहीत, त्यावरून लायब्ररी ठरवते की ही टेप कुठल्या ड्राइव्हमध्ये घालायची. स्वस्त मिळाली म्हणून चुकीच्या पिढीची लेबलं घेऊ नका.

आता पहिल्या सहा अक्षरांत काय लिहायचं यावर लोक फार डोकं लावतात. वार लिहितात, महिना लिहितात, 'टॅली', 'पगार' असं काही घुसवतात. माझा स्पष्ट सल्ला, काहीही अर्थ असलेलं लिहू नका. 000001 पासून सरळ चढता क्रम, फार तर पुढे शाखेची दोन अक्षरं. कारण टेप पाच-सात वर्षं फिरत राहते, आज जी सोमवारची आहे तिच्यावर उद्या महिनाअखेरचा बॅकअप जातो आणि मग लेबल एक सांगतं, आत भलतंच असतं. टेपवर काय आहे हे सांगायचं काम बॅकअप सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगचं, म्हणजे त्याच्या यादीचं, लेबलचं काम फक्त 'मी कोण' एवढंच. माणसाच्या नावात त्याचा पगार लिहीत नाहीत ना, तसंच.

दुसरी गोष्ट, एकदा वापरलेला नंबर परत कधीच वापरायचा नाही. टेप खराब झाली, फेकली, तरी तिचा नंबर तिच्याबरोबर गेला. एकाच नंबरच्या दोन टेप असल्या की सॉफ्टवेअर गोंधळतं, आणि खरा धोका असा की ते बऱ्याचदा गप्प राहून गोंधळतं. क्लीनिंग टेपचा, म्हणजे ड्राइव्ह साफ करायच्या टेपचा, बारकोड मात्र 'सीएलएन' या अक्षरांनी सुरू झाला पाहिजे, नाहीतर लायब्ररी तिला साधी टेप समजून तिच्यावर बॅकअप लिहायला जाईल आणि रात्रीचं काम तिथेच अडकेल.

आणि एक जाडी वही ठेवा. खरंच वही. नंबर, विकत घेतल्याची तारीख, पहिल्यांदा लावल्याची तारीख, बाहेर कधी गेली, कोणाच्या हातून गेली, परत कधी आली. सर्व्हर जळतो त्या दिवशी कॅटलॉगही त्याच सर्व्हरवर असतो हो.

प्रश्न: शुक्रवारी टेप बाहेर काढून घरी नेण्यासाठी आमच्या ऑफिसातला मुलगा लायब्ररीचं मॅगझिनच (अनेक स्लॉट असलेला ट्रे) ओढून काढतो, सोमवारी टेप परत घालतो. मग सॉफ्टवेअर सात नंबरच्या स्लॉटमध्ये एक टेप दाखवतं आणि आत निघते वेगळीच. (एक वाचिका, कोल्हापूर)

ताई, इथे दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि त्या दोन्ही जुळल्या पाहिजेत. एक नोंद लायब्ररीची स्वतःची, कुठल्या स्लॉटमध्ये कुठला बारकोड, आणि दुसरी बॅकअप सॉफ्टवेअरची. मॅगझिन काढून परत सरकवलं की लायब्ररी बहुतेक वेळा सगळे बारकोड पुन्हा वाचते, तुम्ही ऐकलं असेल, पिकर वरखाली करत घरघरतो तेच ते. पण सॉफ्टवेअरला हे कोणी सांगितलेलंच नसतं, ते आपलं शुक्रवारच्या जुन्या यादीवरच चाललेलं असतं.

म्हणून मॅगझिन उघडून टेप काढणं शक्यतो बंद करा. बऱ्याच लायब्ररीला मेल स्लॉट असतो, एक किंवा काही खण जे बाहेरून उघडतात. सॉफ्टवेअरमधूनच 'ही टेप बाहेर दे' म्हणा, पिकर ती मेल स्लॉटमध्ये आणून ठेवेल आणि सॉफ्टवेअरच्या यादीतही ती 'बाहेर' म्हणून लागेल. परत घालताना उलटं. मुलाला हे पाच मिनिटांत शिकवता येतं.

तुमच्याकडे लिनक्सवर बॅक्युला हे बॅकअप सॉफ्टवेअर आहे असं पत्रात लिहिलंय, त्यात 'अपडेट स्लॉट्स' ही कमांड आहे, लायब्ररीला हात लावला की प्रत्येक वेळी ती चालवायचीच. आणि त्याआधी 'एमटीएक्स स्टेटस' चालवून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, एका खाली एक ओळी येतात, स्लॉटचा नंबर, भरलेला की रिकामा, आणि भरलेला असेल तर व्हॉल्यूम टॅग म्हणजे बारकोड. एखाद्या ओळीत 'भरलेला' असं येतं आणि पुढे टॅगच नसतो, तेव्हा तिथलं लेबल पडलंय, फाटलंय किंवा टेप नीट आत बसली नाहीये. ती ओळ दिसली की तिथेच थांबा, आधी ती टेप बघा, मग पुढचं काम. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी गत होते नाहीतर, टेप लायब्ररीतच असते आणि आपण अख्ख्या ऑफिसची कपाटं उपसत बसतो.

घरी टेप नेण्याबद्दल एकच सांगतो, टेप ऑफिसबाहेर ठेवताय हे अगदी बरोबर आहे पण कर्मचाऱ्याचं घर ही जागा नव्हे. आणि कोल्हापुरात आहात, 2019 आणि 2021 दोन्ही वर्षी पंचगंगेचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, दुसरी जागा निवडताना ती रेषा डोळ्यासमोर ठेवा आणि ऑफिस व ती जागा एकाच पुरात जाणार नाहीत एवढं नक्की पाहा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर तरी तळघरात टेप ठेवायची कल्पना कोणाच्या मनात येऊ नये.

प्रश्न: टेपच्या खोक्यावर 30 टीबी लिहिलंय आणि माझी टेप साडेबारा-तेराच्या आसपासच भरते. नकली माल आहे का? (ठाणे)

नकली नाही. एलटीओ-8 ची खरी क्षमता 12 टीबी. 30 चा आकडा हा डेटा अडीच पट दाबला जाईल असं धरून लिहिलेला. तुमचा डेटा म्हणजे फोटो, व्हिडिओ, आधीच झिप केलेल्या फायली, नाहीतर सॉफ्टवेअरने एन्क्रिप्ट करून (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून) पाठवलेला बॅकअप असेल तर तो आणखी दाबला जातच नाही. टेप किती लागतील याचा हिशेब नेहमी 12 ने करा.

हिशेब करून दाखवतो. समजा फुल बॅकअप 20 टीबीचा आहे, म्हणजे 2 टेप. रोजचा इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या फायलींचा बॅकअप) आठवडाभराचा मिळून एका टेपवर बसतो. चार आठवड्यांचे फुल ठेवायचे तर 8, इन्क्रिमेंटलच्या 4, बारा महिनाअखेरचे फुल वर्षभर ठेवायचे तर आणखी 24, आणि वर्षअखेरचे वेगळे. झाल्या छत्तीसच्या वर, आणि लायब्ररी समजा 24 स्लॉटची, त्यातला एक क्लीनिंग टेपचा. म्हणजे महिनाअखेरच्या टेप बाहेर जाणारच, आणि तसंही त्या बाहेरच असायला हव्यात. चार-पाच कोऱ्या टेप मात्र कायम आत ठेवा, स्क्रॅच पूल म्हणतात त्याला, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत एखादी टेप खराब निघाली तरी काम अडत नाही.

प्रश्न: क्लीनिंग टेप रोज रात्री चालवली तर चालेल का? (पुणे)

नको. ड्राइव्ह स्वतः सांगतो कधी साफ करायचं ते, तेव्हाच करा. लायब्ररीचं ऑटो क्लीन चालू ठेवा नाहीतर बॅकअप सॉफ्टवेअरचं, दोन्ही एकदम नाही. क्लीनिंग टेप साधारण 50 वेळा चालते, नंतर ड्राइव्हच ती बाहेर फेकतो. किती वेळा झाली ते वहीत लिहा. साफ केल्यावर लगेच पुन्हा साफ करायला मागत असेल तर दोष बहुधा एखाद्या टेपचा असतो, त्याआधी कुठली टेप लावली होती ते बघा आणि ती बाजूला काढा.

प्रश्न: आमचं ऑफिस समुद्राजवळ. पावसाळ्यानंतर कपाटातल्या टेपच्या डब्यांवर पांढरट बुरशी दिसली. टेप पुसून वापरू का? (रत्नागिरी)

थांबा, ड्राइव्हमध्ये घालू नका! बुरशी फक्त बाहेरच्या प्लास्टिकच्या डब्यावर असेल तर डबा टाकून द्या, कार्ट्रिज कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि नव्या डब्यात ठेवा. पण कार्ट्रिजच्या छोट्या दाराजवळ किंवा आत डाग दिसत असेल तर ती टेप एका टेपपुरती राहत नाही, ती ड्राइव्हचं हेड, म्हणजे टेप वाचणारा-लिहिणारा भाग, घाण करते आणि मग त्या ड्राइव्हमध्ये जाणाऱ्या पुढच्या टेपलाही लागते. त्या टेपवर दुसरीकडे कुठेही नसलेला डेटा असेल तर टेपवरून डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठवा, स्वतः प्रयोग नको.

पुढच्या पावसाळ्यासाठी. वर्षानुवर्षं ठेवायच्या टेपना 16 ते 25 अंश तापमान आणि 20 ते 50 टक्के आर्द्रता मानवते. कोकणात जुलैमध्ये उघड्या कपाटात 50 टक्के कुठून येणार. छोटी ऑफिसं घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं शंभर-दोनशे रुपयांचं डिजिटल मीटर एवढ्यावर बऱ्यापैकी भागवतात, फक्त सिलिका जेल वेळच्या वेळी बदला, ते एकदा पाणी पिऊन बसलं की त्याचा काही उपयोग नाही. टेप उभ्या ठेवायच्या, पुस्तकं ठेवतो तशा, आडव्या थप्प्या लावायच्या नाहीत. लोखंडी कपाट एसीच्या पाणी टपकणाऱ्या नळीखाली आहे का तेही बघा, हे मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी बघितलंय.

अजून एक, बाहेरून आणलेली टेप लगेच लायब्ररीत घालू नका. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतून आलेली टेप तापलेली असते, थंड सर्व्हर रूममध्ये तिला डब्यातच एक दिवस राहू द्या, मग लावा. आणि टेप हातातून पडली असेल तर बाहेरून काही दिसत नसलं तरी आतली पिन सरकलेली असू शकते. कार्ट्रिजचं छोटं दार बोटाने हळूच बाजूला करून बघा, टेपच्या टोकाला धातूची बारीक पिन आपल्या जागी सरळ बसलेली दिसली पाहिजे, ड्राइव्ह तिलाच पकडून टेप ओढतो. तिरकी दिसली तर घालायची नाही, कारण मग टेपही जाते आणि ड्राइव्हही.

प्रश्न: रात्री 8 ला सुरू झालेला बॅकअप दुसऱ्या दिवशी दुपारनंतरही चालूच असतो आणि ड्राइव्हमधून मागेपुढे गेल्यासारखा आवाज येतो. ड्राइव्ह बदलायचा का? (एक वाचिका, नागपूर)

नका बदलू, ड्राइव्ह बहुधा ठणठणीत आहे, त्याला खायला पुरेसं मिळत नाहीये. टेप ड्राइव्ह सतत धावण्यासाठी बनवलेला असतो, डेटा कमी वेगाने आला की तो आधी आपला वेग कमी करून बघतो, तेही पुरलं नाही की थांबतो, थोडा मागे जातो आणि परत पुढे येऊन लिहायला लागतो. बूट पॉलिशवाला फडकं जसं इकडून तिकडे ओढतो तसं, याला शू-शायनिंगच म्हणतात. वेळही जातो आणि टेप आणि हेड दोन्ही झिजतात. एलटीओ-8 चं कार्ट्रिज पूर्ण भरायला 960 मीटरच्या टेपवर 208 वेळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावं लागतं, त्यात मधेच शेकडो वेळा थांबणं-मागे येणं आलं तर विचार करा.

तुम्ही लिहिलंय नेटवर्क 1 गिगाबिटचं आहे. त्यातून सेकंदाला फार तर 110 एमबीच्या आसपास येतात, आणि तुमचा अर्ध्या उंचीचा एलटीओ-8 ड्राइव्ह 300 एमबी लिहू शकतो. या वेगाने 12 टीबीची एक टेप भरायला तीस तास लागतात, पूर्ण वेगाने अकरा. म्हणजे ड्राइव्हला दोष देण्यात अर्थ नाही. बॅकअप आधी एका डिस्कवर गोळा करा आणि तिथून एका दमात टेपवर उतरवा, डिस्क चांगल्या वेगाची आणि टेप लावलेल्या मशीनमध्येच बसवलेली हवी. लाखो बारीक फायली असतील तर हा बदल आणखी जाणवतो. नेटवर्क 10 गिगाबिटचं करता आलं तर उत्तमच, पण सुरुवात डिस्कपासून करा, खर्च कमी.

प्रश्न: आमच्याकडे 2011-12 च्या एलटीओ-5 टेप आहेत, सव्वाशेच्या वर. नवीन लायब्ररी एलटीओ-9 ची घेतली, ती या टेप वाचतच नाही. विकणाऱ्याने 'जुनं सगळं चालतं' असं सांगितलं होतं. (एक वाचक, पुणे)

वाईट वाटलं वाचून. विकणाऱ्याचं चुकलं, आणि हे इतक्या ठिकाणी होतं की नियम नीट लिहूनच देतो. सातव्या पिढीपर्यंत ड्राइव्ह स्वतःच्या मागच्या दोन पिढ्या वाचायचा आणि मागच्या एका पिढीवर लिहायचा. आठव्या पिढीपासून हे बदललं, हेड वेगळ्या प्रकारचं आलं, म्हणून एलटीओ-8 ड्राइव्ह फक्त 7 आणि 8 वाचतो, एलटीओ-9 ड्राइव्ह फक्त 8 आणि 9. आणि 2025 मध्ये आलेला एलटीओ-10 तर जुनी कुठलीच पिढी वाचत नाही. म्हणजे तुमच्या टेप वाचायला 5, 6 किंवा 7 यापैकी एखादा ड्राइव्ह लागेल. मी तुमच्या जागी असतो तर एलटीओ-7 चा एक ड्राइव्ह वेगळा घेतला असता, वापरलेला पण तपासलेला चालेल, भाड्याने मिळाला तर उत्तमच, आणि सगळ्या टेप वाचून नव्यावर उतरवल्या असत्या.

काम वाटतं तेवढं मोठं नाही. एलटीओ-5 मध्ये फक्त दीड टीबी मावतं, अशा बारा टेप एका एलटीओ-9 वर बसतात, म्हणजे सव्वाशे टेपच्या दहा-अकरा होतील. त्या प्रत्येकीच्या दोन प्रती करा, तरी बावीसच. आधी सगळ्यात जुन्या आणि दुसरीकडे कुठेच नसलेल्या टेप घ्या. उतरवलेली प्रत परत वाचून तपासल्याशिवाय जुनी टेप टाकायची नाही.

नवीन कोऱ्या एलटीओ-9 टेप पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये गेल्या की ड्राइव्ह त्या टेपची ओळख करून घेत बसतो, सरासरी 40 मिनिटं आणि कधी कधी 2 तासांपर्यंत. त्या वेळात लायब्ररी अडकली असं समजून कोणी वीज बंद करू नये. नव्या टेप आल्या की एखाद्या मोकळ्या दिवशी सगळ्यांची ही ओळख उरकून टाका.

बॉक्सवर 30 वर्षं टिकेल असं लिहिलेलं असतं आणि टेप टिकतेही, पण ती वाचणारा ड्राइव्ह तोपर्यंत बाजारात नसतो. कंपनी कायद्याच्या कलम 128 प्रमाणे हिशेबाची पुस्तकं 8 आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, आणि एलटीओच्या पिढ्या दोन-चार वर्षांत बदलतात. म्हणून नवीन लायब्ररी घेतानाच जुन्या टेप उतरवायचा खर्च त्याच बजेटमध्ये धरा, नंतर त्यासाठी पैसे मागायला गेलं तर कोणी देत नाही.

प्रश्न: काका, मी शिकाऊ आहे, आमचे साहेब म्हणतात क्लाउड आल्यावर टेप कशाला. त्यांना काय सांगू? (सांगली)

त्यांना जीमेलचं सांग. 27 फेब्रुवारी 2011 ला स्टोरेज सॉफ्टवेअरमधल्या एका बगमुळे थोड्या लोकांच्या मेलबॉक्स रिकाम्या झाल्या, गूगलच्या म्हणण्याप्रमाणे 0.02 टक्के लोकांच्या. वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये प्रती होत्या, पण बग तिथेही पोचला होता. शेवटी तो मेल परत आणला टेपवरून, कारण टेप ऑफलाइन होत्या, बगचा हात तिथवर पोचला नव्हता. ज्यांच्याकडे इतके सर्व्हर त्यांनासुद्धा टेप लागली, हे साहेबांना पटेल. रॅन्समवेअरचंही तसंच, ते नेटवर्कवर दिसेल ते सगळं कुलूपबंद करतं, पण कपाटात ठेवलेल्या कार्ट्रिजला वायरच नसते. मात्र लायब्ररीच्या आत बसलेली टेप पूर्ण सुरक्षित धरू नकोस, बॅकअप सर्व्हरचा ताबा गेला तर पिकरला सांगून ती टेपही कोणी पुसू शकतं. बाहेर काढून ठेवलेली टेप हीच खरी. क्लाउडही असू दे, भांडण नाही त्याच्याशी.

प्रश्न: टेप एन्क्रिप्ट कराव्यात का? (मुंबई)

बाहेर जाणाऱ्या टेप, हो, नक्की. एलटीओ-4 पासून ड्राइव्हमध्येच 256 बिटचं एईएस एन्क्रिप्शन आहे, वेग फारसा कमी होत नाही. पण किल्ली हरवली तर ती टेप कोणीही, अगदी टेप बनवणारी कंपनीही, उघडू शकत नाही. किल्लीची प्रत कागदावर छापून बंद पाकिटात, दोन वेगळ्या ठिकाणी, टेपपासून लांब.

प्रश्न: जुन्या टेप भंगारात देण्याआधी पुसायच्या कशा? पुन्हा वापरता येतील का? (छत्रपती संभाजीनगर)

मोठ्या चुंबकाने म्हणजे डीगॉसरने पुसल्या तर डेटा जातो, पण त्याबरोबर कारखान्यात लिहिलेल्या सर्व्हो खुणाही जातात आणि त्यांच्याशिवाय एलटीओ ड्राइव्हला टेपवर रस्ताच सापडत नाही. म्हणजे डीगॉस केलेली टेप पुन्हा वापरता येत नाही. वापरायची असेल तर सॉफ्टवेअरने पुसा, टाकायची असेल तर डीगॉस करून तुकडे करणाऱ्याकडे द्या आणि नंबरवार लेखी पावती घ्या, ती वहीत चिकटवा.

प्रश्न: आमचे सगळे जॉब रोज हिरवे दिसतात, 'सक्सेसफुल'. मग रिस्टोअर करून, म्हणजे टेपवरून डेटा परत काढून, बघायची खरंच गरज आहे का? (एक वाचक, सोलापूर)

हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण याचं उत्तर मला अनुभवाने मिळालंय.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका ऑफिसचा बॅकअप माझ्याकडे आला. लायब्ररी नव्हती, एकच ड्राइव्ह होता, लिनक्सवर एक स्क्रिप्ट रोज रात्री तीन फोल्डर एकामागून एक टेपवर लिहायची. आधी अकाउंट्स, मग पत्रव्यवहार, मग फोटो. लॉगमध्ये रोज तिन्ही ओळी व्यवस्थित, कुठेही एरर नाही. मी रोज सकाळी तो लॉग वाचून त्यावर सही करायचो. मग एके दिवशी अकाउंट्सची डिस्क गेली. टेप लावली, तर टेपवर फक्त फोटो. आदल्या दिवशीची लावली, फोटो. त्याच्या आदल्या आठवड्याची, फोटो.

कारण इतकं छोटं होतं की आजही आठवलं की पोटात कालवतं. लिनक्समध्ये त्याच ड्राइव्हला दोन नावं असतात, 'एसटी0' आणि 'एनएसटी0'. पहिल्या नावाने लिहिलं की काम संपल्यावर टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, दुसऱ्याने लिहिलं तर ती जिथल्या तिथे थांबते. स्क्रिप्टमध्ये पहिलं नाव होतं. म्हणजे अकाउंट्स लिहून झाले की टेप मागे, त्यावरच पत्रव्यवहार, परत मागे, त्यावर फोटो. पुढचं पाठ मागचं सपाट, अगदी शब्दशः. फोटोंच्या पुढे टेपवर जुनं काही उरलेलं असेलही, पण शेवटाच्या खुणेपलीकडे ड्राइव्ह जातच नाही. प्रत्येक जॉब खरोखरच यशस्वी होता, लॉग खोटं बोलत नव्हता. अकाउंट्समधल्या एका ताईंनी पुढचे दोन महिने व्हाउचरच्या फायली मांडीवर घेऊन वर्षभराच्या नोंदी परत टाईप केल्या, संध्याकाळी मी घरी जायला निघायचो तेव्हा त्या अजून बसलेल्या असायच्या.

तर हो, गरज आहे. हिरवा रंग एवढंच सांगतो की लिहिणाऱ्याने तक्रार केली नाही. महिन्यातून एक दिवस ठरवा आणि वहीतून डोळे मिटून एक नंबर निवडा, कालची टेप नाही, शक्यतो बाहेर ठेवलेली आणि सहा महिने तरी जुनी. ती मागवायला किती वेळ लागला तोही लिहा, कारण खरी वेळ येईल तेव्हा तोही धरावा लागतो. दोन ड्राइव्ह असतील तर ज्याने लिहिली त्यात नाही, दुसऱ्यात वाचा, कधी कधी एखाद्या ड्राइव्हचं हेड असं बिघडतं की त्याने लिहिलेलं फक्त त्यालाच वाचता येतं. रिस्टोअर वेगळ्या मशीनवर करा, चालू सर्व्हरवर कधीच नाही. आणि फाईल आली म्हणून थांबू नका, डेटाबेस उघडा, त्या तारखेची शेवटची एंट्री बघा, ती ज्याची आहे त्या विभागातल्या माणसाला शेजारी बसवून विचारा की हे बरोबर आहे का.

वर्षातून एकदा आणखी कठीण परीक्षा घ्या, कॅटलॉग नाही असं धरा. कॅटलॉगचा बॅकअप रोज सगळ्यात शेवटी टेपवर गेला पाहिजे आणि तो कुठल्या नंबरच्या टेपवर गेला ते कागदावर हवं. नसेल तर सॉफ्टवेअरला एकेक टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून यादी नव्याने बनवावी लागते, तुमच्या एलटीओ-8 वर पूर्ण वेगानेसुद्धा एका भरलेल्या टेपला ड्राइव्हप्रमाणे नऊ ते अकरा तास, आणि तुम्ही लिहिलंय तुमच्याकडे साठ टेप आहेत. येत्या शनिवारी हाफ डे असेल तर वहीतली एक टेप काढा आणि काय निघालं ते मला कळवा, चांगलं निघालं तरी कळवा.